संगणकातील खवैगुण्य : चिकित्सालये व औषधनिर्माणशाळांसाठी भेदचाचणीची ओळख

व्याधीची संप्राप्ती शिकताना खवैगुण्य हा शब्द आपण सर्वांनी वाचलेला आहे. प्रकुपित दोष सर्व शरीरात संचार करीत असतात, परंतु ज्या स्रोतसात आधीपासूनच वैगुण्य असते तेथेच ते अडतात आणि व्याधीला घर मिळते. सुश्रुताचार्यांनी सांगितलेल्या सहा क्रियाकालांपैकी हा स्थानसंश्रयाचा काळ होय. या टप्प्यावर जो वैद्य व्याधी ओळखतो त्याला चिकित्सा सोपी जाते. भेदावस्थेपर्यंत थांबणाऱ्याला ती अवघड होते.

हेच सूत्र आता आपल्या टेबलावरील संगणकालाही लागू पडू लागले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील बहुतेक चिकित्सालयांत केसपेपरच्या गठ्ठ्यांची जागा संगणकाने घेतली. औषधविक्रेत्यांची बिले, जीएसटीची विवरणपत्रे, निर्माणशाळांतील बॅचनोंदी, घाऊक मागण्या, युपीआयने आलेले पैसे हे सारे त्याच यंत्रात साठते. बाहेर घुसखोरांचा संचार अखंड चालू असतो. ते आपल्याला ओळखत नसतात. जेथे दार सैल आहे तेथे ते शिरतात, एवढेच. आपले दार सैल आहे की नाही हे आधी कळावे यासाठी जी पद्धत वापरली जाते तिला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. ‘प्रवेश चाचणी’ म्हटले तर वाचकांना विद्यालयाची प्रवेशपरीक्षा आठवेल, म्हणून या लेखात आम्ही तिला भेदचाचणी म्हणू.

आमचा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही बदलापूर येथील आमच्या चिकित्सालयाची भेदचाचणी करून घेतली. आमचा संगणक सुरक्षित आहे अशी आमची समजूत होती. अँटिव्हायरस होता, पासवर्ड होता, रोजची प्रत निघत होती. हा व्यवसाय करणाऱ्या एका तरुण अभियंत्याशी दोन पानांचा लेखी करार केला. कोणती यंत्रे तपासायची, कोणत्या वेळी तपासायची, काहीही पुसायचे नाही, रुग्णांची माहिती उतरवून घ्यायची नाही आणि पहिली नोंद दिसताच थांबायचे, अशा अटी त्यात होत्या. बाह्यरुग्ण विभाग बंद असतो ती दुपारची २ ते ४ ही वेळ ठरली. आमच्या साहाय्यिकेला मात्र पूर्वसूचना दिली नव्हती.

अभियंता रुग्णांच्या बाकावर येऊन बसला. वायफायचा पासवर्ड त्याने कोणाला विचारलादेखील नाही. रुग्णांच्या सोयीसाठी आम्हीच तो धन्वंतरीच्या प्रतिमेखाली कागदावर लिहून लावला होता. रुग्णांचे आणि आमचे वायफाय एकच होते. राउटरचा मूळ पासवर्ड, जो कारखान्यातून येतो तोच, चार वर्षांत कोणी बदलला नव्हता. त्या मार्गाने आत गेल्यावर मुख्य संगणकावरील एक सामाईक फोल्डर त्याला उघडे सापडले. केसपेपरांची रोजची प्रत त्यातच ठेवली जात होती आणि त्या प्रतीला कुलूप नव्हते. चाळीस मिनिटांत त्याच्या पडद्यावर आमच्या रुग्णांची यादी आली.

त्याने पडद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “डॉक्टर, करारानुसार मी इथेच थांबलो. पुढचं तुम्हीच बघा.” यादीतील पहिले नाव एका स्त्रीरुग्णेचे होते. वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी ती आपले गाव सोडून लोकलने आमच्याकडे येत असे, कारण तिच्या गावात ही गोष्ट कोणाला कळू नये अशी तिची इच्छा होती. पहिल्या भेटीत दार लावून घेतल्याशिवाय ती बोलली नव्हती. आम्ही दार लावले होते. खिडकी उघडी होती, हे आम्हाला त्या दुपारी कळले.

दुसऱ्या दिवशी अभियंत्याने दूरध्वनीवरून प्रयत्न केला. “ताई, सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय. आज अपडेट आहे, पासवर्ड सांगितलात तर लवकर उरकेल,” असे तो साहाय्यिकेला म्हणाला. तिने तो सांगितला. चाचणी असल्याचे कळल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिला आम्ही स्पष्टपणे सांगितले की हा दोष तिचा नव्हे. अशा दूरध्वनीला काय उत्तर द्यावे हे आम्ही तिला कधी शिकवलेच नव्हते.

रुग्णाच्या घरातील वृत्त वैद्याने बाहेर प्रकट करू नये, हे चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायातील शिष्योपनयनाच्या उपदेशातच सांगितले आहे. आपण तोंड बंद ठेवतो आणि त्यामुळे हा नियम पाळला असे समजतो. आता आपल्या वतीने यंत्र बोलू शकते, याचा विचार त्या उपदेशाचा अर्थ लावताना करावा लागेल.

भेदचाचणी म्हणजे नेमके काय?

मालकाच्या लेखी संमतीने, ठरलेल्या मर्यादेत, घुसखोर वापरतो त्याच मार्गांनी यंत्रणेत शिरण्याचा प्रयत्न करणे आणि सापडलेली प्रत्येक वाट दुरुस्तीच्या उपायासह मालकाला लिहून देणे, म्हणजे भेदचाचणी. ही कल्पना नवी नाही. अमेरिकी वायुदलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ मध्ये तयार केलेल्या अहवालात संगणकयंत्रणेत शिरकाव कोणकोणत्या पायऱ्यांनी होतो याची मांडणी आढळते. १९७४ मध्ये पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी त्या काळी अत्यंत सुरक्षित मानल्या गेलेल्या मल्टिक्स या यंत्रणेत प्रत्यक्ष शिरून तिच्यातील दुर्बलता दाखवून दिल्या.

आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात शस्त्रकर्माचा अभ्यास आधी निर्जीव वस्तूंवर करावयास सांगितला आहे. एषणकर्मासाठी कीड लागलेले लाकूड, वेळू, वाळलेल्या भोपळ्याचे तोंड अशी साधने तेथे सुचविली आहेत. आत पोकळ वाट कोठून कोठे गेली आहे हे बाहेरून दिसत नाही, एषणीने चाचपूनच कळते. भेदचाचणी हे संगणकावरचे एषणकर्म होय.

स्वयंचलित तपासणी आणि भेदचाचणी यांतील भेदही या दृष्टान्ताने स्पष्ट होतो. स्वयंचलित तपासणीचे सॉफ्टवेअर यंत्रणेवर फिरते आणि ज्ञात दुर्बलतांची यादी देते. ती उपयुक्त आहे, स्वस्त आहे, परंतु ती केवळ व्रणमुखे मोजते. नाडीव्रणाचे मुख बारीक असते आणि मार्ग खोलवर जाऊन फाटे फोडतो. आमच्या चिकित्सालयात सापडलेले दोष एकेकटे पाहिले तर किरकोळ होते : भिंतीवरचा कागद, सामाईक वायफाय, न बदललेला पासवर्ड, उघडे फोल्डर. एकापुढे एक जोडले गेल्यावर त्यांची सलग वाट तयार झाली. ती वाट शोधायला माणूस लागला.

महाराष्ट्रातील धडा

लहान दुर्बलता आणि मोठी हानी यांचे नाते समजण्यासाठी आपल्याच राज्यातील एक प्रकरण पाहू. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला. शनिवार, ११ ऑगस्ट रोजी काही तासांत बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतील एटीएममधून आणि भारतातीलही एटीएममधून पैसे काढले गेले. सोमवार, १३ ऑगस्ट रोजी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेद्वारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण हानी सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपयांची होती.

येथे कोणी तिजोरी फोडली नाही. एटीएमवर कार्ड घातले की ‘पैसे द्यावेत काय’ अशी विचारणा एका मध्यस्थ यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते. हल्लेखोरांनी या वाटेवर आपली बनावट मध्यस्थ यंत्रणा उभी केली आणि मुख्य संगणकाला न विचारताच ती ‘होय’ म्हणत राहिली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणी ११ आरोपींना दोषी ठरविले. हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार स्तरांची अधिक विस्तृत चौकट दिली.

आपल्यासाठी बोध असा की प्रत्येक खोलीला कुलूप असले तरी दोन खोल्यांमधील वाट कोण पाहते, हा प्रश्न उरतोच. चिकित्सालयात ही वाट केसपेपरचे सॉफ्टवेअर आणि राउटर यांच्या मध्ये असते, निर्माणशाळेत ती हिशेबाचा संगणक आणि उत्पादनविभागाचा संगणक यांच्या मध्ये असते.

आरोग्यक्षेत्रालाही याचा फटका बसलेला आहे. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या २३६ न्यासांपैकी सुमारे एक तृतीयांश न्यासांचे काम विस्कळीत केले. ज्या दुर्बलतेतून ते शिरले तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे दोन महिने आधी, उपलब्ध केली होती. औषध कपाटात होते, दिले गेले नव्हते. आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये अशाच हल्ल्यामुळे नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे अनेक दिवस हाताने करावी लागली. पाच सर्व्हर बाधित झाले आणि संस्थेचे अंतर्गत जाळे योग्य प्रकारे विभागलेले नव्हते, असे केंद्र सरकारने नंतर संसदेत सांगितले. रुग्णांचे वायफाय आणि केसपेपरचा संगणक एकाच जाळ्यावर ठेवणारे आम्ही त्याच दोषाची लहान आवृत्ती होतो.

औषधनिर्माणशाळांसाठी विशेष विचार

चिकित्सालयातून माहिती बाहेर जाण्याचे भय असते. निर्माणशाळेत त्याहून गंभीर भय माहिती आतल्या आत बदलली जाण्याचे आहे. त्रिभुवनकीर्ती रसाचे उदाहरण घेऊ. त्यात वत्सनाभ आहे आणि वत्सनाभ औषध नियमांच्या शेड्यूल ई-१ मधील विषद्रव्यांत मोडतो. बॅचनोंदीच्या संगणकात एका घटकाच्या वजनाचा दशांशचिन्ह एक घर सरकला आणि वजन करणाऱ्याने पडद्यावरचा आकडा प्रमाण मानला, तर पुढे काय घडेल हे वैद्यांना सांगावयास नको. असा बदल घुसखोरच करील असे नाही. सर्वांसाठी एकच पासवर्ड असेल तर चूक कोणी केली हेही कळत नाही.

म्हणून निर्माणशाळेच्या भेदचाचणीत तीन प्रश्न अवश्य विचारून घ्यावेत. मूळ योगाच्या घटकांची नोंद कोणाकोणाला बदलता येते? बदल झाल्यास तो कोणी, केव्हा केला याची खूण राहते काय? हिशेबाच्या संगणकात शिरलेला मनुष्य उत्पादनविभागापर्यंत पोचू शकतो काय? चाचणी उत्पादन चालू असताना कधीही करू नये. जुनी यंत्रे अशा चाचणीत बंद पडू शकतात, म्हणून शक्य तेथे यंत्रणेची प्रत करून तिच्यावरच चाचणी करावी.

चाचणी कशी करवून घ्यावी?

प्रथम व्याप्ती ठरवावी : कोणते संगणक, कोणते सॉफ्टवेअर, कोणते संकेतस्थळ, दूरध्वनीवरून फसविण्याचा प्रयत्न करावयाचा की नाही. नंतर लेखी संमती द्यावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ अन्वये मालकाच्या परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने शिरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे ‘मुलाच्या मित्राला संगणकातले कळते, तो बघेल’ हा मार्ग त्या मुलाच्याही हिताचा नाही. केसपेपरचे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून चालत असेल तर ते ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे तिचीही परवानगी लागते.

परीक्षक निवडताना केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने मान्यता दिलेल्या लेखापरीक्षक संस्थांची यादी पाहावी. सॉफ्टवेअर विकणाऱ्यालाही त्याच्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षाचाचणीचा दाखला मागावा. आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला तो द्यावाच लागतो, तेव्हा मागण्यात संकोच नसावा.

अहवालात प्रत्येक दोषाची तीव्रता, तो कसा सापडला याचा पुरावा आणि उपाय या तीन गोष्टी असाव्यात. केवळ यंत्राने छापलेली शंभर पानांची यादी हाती आली तर ती भेदचाचणी नव्हे. आणि करारात पुनर्तपासणी अवश्य लिहून घ्यावी, ती का ते पुढे येईलच.

दुरुस्ती आणि पुनर्तपासणी

आम्ही केलेल्या दुरुस्त्या साध्या होत्या. रुग्णांसाठी वेगळे वायफाय केले. राउटरचा पासवर्ड बदलून त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले. सामाईक फोल्डर बंद केले आणि प्रतीला कुलूप लावले. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र पासवर्ड दिला. दूरध्वनीसाठी एकच नियम केला : पासवर्ड कोणीही मागितला तरी फोन ठेवावा आणि आपल्या वहीतील क्रमांकावर आपण उलट फोन करावा. आमची साहाय्यिका हा नियम आता आमच्यापेक्षाही कसोशीने पाळते.

रोजच्या प्रतीचा प्रश्न आपल्या भागाला निराळा सांगावा लागू नये. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी घराघरांत शिरले होते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हाचे दृश्यही आपण विसरलेलो नाही. संगणक आणि त्याची प्रत एकाच खोलीत असली की पाण्यात दोन्ही एकदम जातात. खंडणीखोर सॉफ्टवेअरही जोडून ठेवलेली हार्डडिस्क मूळ संगणकाबरोबरच बंदिस्त करून टाकते. यासाठी आम्ही दोन हार्डडिस्क आलटून-पालटून वापरतो. एक नेहमी घरी, वरच्या मजल्यावर आणि संगणकापासून सुटी असते. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून नोंदी खरोखर परत मिळतात का तेही पाहतो, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

दोन महिन्यांनी पुनर्तपासणी झाली. यावेळी पंधरा मिनिटांत बक्षिसाची अपेक्षा करणाऱ्या विद्यार्थ्यासारखे आम्ही बसलो होतो. पण अभियंता पुन्हा आत शिरला. पंचकर्म विभागात पथ्यापथ्याचे कागद छापण्यासाठी विंडोज ७ चा एक जुना लॅपटॉप ठेवलेला होता. पहिल्या चाचणीच्या वेळी तो बंद होता म्हणून कोणाला आठवलाच नाही. विंडोज ७ साठी सुरक्षा-दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबविले आहे. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, याची नोंद वाचकांनी घ्यावी. तो लॅपटॉप आम्ही जाळ्यावरून काढून टाकला. व्याधी गेला असे वाटल्यावरही पुनरुद्भव टाळण्यासाठी रुग्णाला परत बोलावतो, तसेच हे.

उत्तरदायित्व

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार व्यक्तींची माहिती बाळगणाऱ्याने वाजवी सुरक्षाउपाय योजले नाहीत तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. संस्थेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-४९४९ आणि आर्थिक फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयाने दूरध्वनीजवळ लिहून ठेवावा. भिंतीवर लावण्याजोगा कागद तोच, वायफायचा पासवर्ड नव्हे.

एकेकट्या चिकित्सालयाला भेदचाचणीचा खर्च जड वाटेल, हे खरे. परंतु आपल्या तीन शहरांतील अनेकांकडे केसपेपरचे सॉफ्टवेअर सारखेच आहे आणि दोषही सारखेच असणार. आठ-दहा जणांनी एकत्र येऊन चाचणी करविली तर खर्च विभागतो आणि एकाला सापडलेला दोष दहा जणांना आधीच कळतो. संघटनेच्या शाखेने या कामी पुढाकार घ्यावा अशी आमची नम्र सूचना आहे. आमच्या अहवालातील दोषांची यादी, रुग्णांचा उल्लेख वगळून, आम्ही शाखेला द्यावयास तयार आहोत. स्वतःची दुर्बलता चारचौघांत सांगण्यात कमीपणा वाटतो खरा, पण आपण रोज रुग्णांकडून तेच तर अपेक्षितो.

ज्या रुग्णेचे नाव त्या दुपारी पडद्यावर आले ती आजही आमच्याकडे येते. पुढच्या भेटीत आम्ही तिला घडलेला प्रकार सांगितला, कारण तो तिला कळणे हा तिचा अधिकार होता. तिने थोडा वेळ विचार करून विचारले, “आता नीट लागतं ना दार?” लागते, असे आम्ही सांगितले. दरवर्षी ते पुन्हा ओढून पाहण्याचे वचनही दिले.

इत्यलम्.